नियत आणि नजर : मोटार-मेकॅनिकवरच्या भरवशाची गोष्ट

माझ्या आतेभावाकडे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातली एक एमजी मिजेट आहे. दोनच माणसांची, कापडी टपाची, इतकी बुटकी की शेजारून एसटी गेली की आपलं डोकं तिच्या चाकाच्या पातळीला येतं. दादाला ती सासऱ्यांकडून मिळाली. सासऱ्यांनी ती मुंबईत एका परदेशी कंपनीच्या मायदेशी निघालेल्या अधिकाऱ्याकडून घेतली होती. तीन वर्षांपूर्वी तिला एक विचित्र आजार जडला. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की शिरवळच्या सपाट रस्त्यावर, पाय हलका ठेवून निवांत चाललेलं असताना, ती अचानक आचके द्यायला लागायची. मेकॅनिकांच्या भाषेत 'मिसिंग' करायची. पण खंबाटकीचा घाट लागला आणि दादानं ॲक्सिलरेटर तळाशी दाबला की हीच गाडी काही तक्रार न करता वर चढायची. घाट उतरून सुरूरच्या पुढे निवांत चाल धरली की पुन्हा आचके. आणि गॅरेजात नेऊन उभी केली की इंजिन घड्याळासारखं.

दीड वर्षात ती चार गॅरेजांत गेली. पहिल्यानं प्लग आणि त्यांच्या वायरी बदलल्या. दुसऱ्यानं दोन्ही कार्ब्युरेटर खोलून साफ केले आणि इंग्लंडहून नवे जेट मागवायला लावले. तिसऱ्यानं पेट्रोल पंप बदलला. चौथ्यानं कॉइल आणि कंडेन्सर बदलले, आठवड्यानं गाडी परत आल्यावर मान हलवली आणि म्हणाला, ''आता इंजिनच खोलावं लागेल.'' तो आकडा ऐकून दादानं गाडी विकायला काढली. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी गाडीवरची ताडपत्री काढली नाही. वडिलांची गाडी होती ती.

दादाचा मला प्रश्न एवढाच होता : ''यातला चोर कोण होता?'' मी मोटारींचा जाणकार नाही. कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्या नात्याचा इतिहास हा माझा वीसेक वर्षांचा नाद आहे. सोनार, घड्याळजी, वैद्य, सुतार यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आणि टिपत आलो आहे. त्यामुळे दादाच्या प्रश्नानं मला मोटारीपेक्षा मोटार-मेकॅनिकच्या इतिहासाकडे ढकललं, आणि तिथे जे सापडलं त्यानं तो प्रश्नच बदलून टाकला.

आधी एक गमतीची गोष्ट. 'एमजी' या अक्षरांचा अर्थ आहे 'मॉरिस गॅरेजेस'. सायकल-दुरुस्तीपासून सुरुवात करून मोटार-कारखानदार झालेल्या विल्यम मॉरिसचा ऑक्सफर्डमधला विक्री-दुरुस्तीचा व्यवसाय म्हणजे मॉरिस गॅरेजेस. तिथे १९२२ साली व्यवस्थापक झालेल्या सेसिल किम्बरनं मॉरिसच्या साध्या गाड्यांना देखणे, हलके सांगाडे चढवून विकायला सुरुवात केली. जगातली एक नामवंत स्पोर्ट्स कार अशी दुरुस्तीच्या दुकानाचं नाव मिरवत फिरते.

मोटार जन्मली तेव्हा मेकॅनिक नावाचा स्वतंत्र माणूस नव्हताच. 'शोफर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटती ठेवणारा, म्हणजे वाफेच्या इंजिनावरचा आगवाला. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांनी मोटारी घेतल्या तेव्हा त्यांना चालवणारा आणि दुरुस्त करणारा असा एकच माणूस लागला. घोडागाडीचा कोचमन हुकमाचा ताबेदार असे. घोड्याबद्दल मालकालाही कळे. मोटारीबद्दल मालकाला काहीच कळत नव्हतं. नोकराला जे कळतं ते मालकाला कळत नाही ही नवीच परिस्थिती होती आणि तिचा फायदा घेतला गेला. गॅरेजवाले शोफरला दलाली देऊ लागले, शोफर त्याच गॅरेजात गाडी नेऊ लागले, आणि बिलाचा बोजा मालकावर पडू लागला. मालक बाहेरगावी गेला की शोफर मित्रांना घेऊन भटकायला निघत. अमेरिकन वर्तमानपत्रांत याला 'शोफर प्रॉब्लेम' असंच नाव पडलं होतं. केव्हिन बोर्ग या इतिहासकारानं अमेरिकन मेकॅनिकांवर २००७ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात या प्रकरणाचा फार चांगला उलगडा आहे. मालकवर्गानं यावर काढलेला तोडगा बोलका आहे : आज्ञाधारक, 'चांगल्या घरातली' मुलं निवडून त्यांना मोटारशाळांत शिकवायचं. प्रश्न ज्ञानाच्या विषमतेचा होता, उत्तर शोधलं गेलं चारित्र्यात. ही गल्लत पुढे शंभर वर्षं चालत आलेली दिसते.

हेन्री फोर्डनं वेगळा रस्ता धरला. त्याची मॉडेल टी १९०८ साली आली आणि १९२७पर्यंत दीड कोटीच्या घरात विकली गेली. एवढ्या गाड्या नादुरुस्त होणार हे उघड होतं. कारखान्यात जशी जोडणीची कामं तुकड्या-तुकड्यांत वाटली होती तशीच दुरुस्तीही वाटता येईल असं फोर्डच्या लोकांना वाटलं. कुठल्या कामाला किती वेळ आणि किती पैसे याची ठरीव कोष्टकं छापली गेली. कोष्टक पाळणारा माणूस फसवणार नाही, अशी कल्पना. पण जोडणीच्या पट्ट्यावर येणाऱ्या सगळ्या गाड्या सारख्या असतात, आणि बिघडून आलेली प्रत्येक गाडी आपापल्या परीनं बिघडलेली असते. क्लच बदलायला किती वेळ लागावा हे कोष्टक सांगू शकतं; क्लच बदलायला हवा आहे का, हे सांगू शकत नाही. उलट ठरीव दरानं मेकॅनिकला एक वाईट सवय लावली : विचार करण्यात गेलेल्या वेळाचे पैसे नाहीत, भाग बदलण्याचे आहेत. आपल्याकडच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरात आजही 'चेक केलं' या कामाचं बिल क्वचितच दिसतं. पार्टची ओळ मात्र ठळक असते.

मग येतं १९४१. 'रीडर्स डायजेस्ट' मासिकानं एक प्रयोग करवला. रॉजर विल्यम रीस आणि जॉन पॅट्रिक ही त्यामागची नावं. एक सुस्थितीतली मोटार घेऊन अमेरिकेच्या तेव्हाच्या ४८ राज्यांत फिरायचं. गॅरेजच्या थोडं अलीकडे थांबून इग्निशन कॉइलची एक वायर ढिली करायची. आणि गाडी खोकत आत न्यायची. नजर असलेल्या माणसाला बॉनेट उघडल्यावर क्षणात दिसावा असा दोष. ३४७ गॅरेजांत हा प्रयोग झाला. १२९ जणांनी वायर पाहिली आणि फुकटात किंवा नाममात्र पैशांत लावून दिली. उरलेल्या २१८ जणांनी, म्हणजे शंभरातल्या ६३ जणांनी, नको ती कामं केली, न केलेल्या कामांचे पैसे लावले, चांगले भाग बदलले. रेडिओ-दुरुस्तीवाल्यांचीही साधारण तीच गत निघाली. घड्याळजी त्या मानानं बरे, निम्म्याच्या आसपास. त्या वर्षीच्या जुलैच्या अंकात हे छापून आलं आणि गाजलं. पुढे त्याचं पुस्तकही झालं. गुन्हेशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रयोग आजही उद्धृत होतो.

मीही तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मनातल्या मनात दादाच्या चार गॅरेजांना त्या २१८मध्ये बसवून टाकलं. पण आकड्यांकडे पुन्हा पाहिल्यावर एक गोष्ट खटकू लागली. या २१८ जणांत दोन वेगवेगळ्या जातींची माणसं एकत्र मोजली आहेत. एक, ज्यांना ढिली वायर दिसली आणि तरीही ज्यांनी बिल फुगवलं. दुसरे, ज्यांना ती दिसलीच नाही आणि ज्यांनी भाबडेपणानं कार्ब्युरेटर खोलला. दोघांचं बिल सारखंच दिसतं. गिऱ्हाइकाचा तोटाही सारखाच. पण एकाकडे नियत नाही आणि दुसऱ्याकडे नजर नाही. प्रयोग करणाऱ्यांना चोर मोजायचे होते, म्हणून त्यांना सगळे चोर दिसले.

दादाचा तिसरा मेकॅनिक मला इथे आठवला. पंप बदलूनही आचके गेले नाहीत तेव्हा त्या माणसानं मजुरी परत केली होती आणि वर दोन रविवार स्वतः गाडी चालवून पाहिली होती. दादा त्यालाही चोरांत धरत होता. त्याच्या सज्जनपणाबद्दल मला शंका नाही. त्यानं पंप बदलला कारण त्याला तो पंपाचा दोष 'वाटला'.

मेकॅनिकवर लोकांचा विश्वास नव्हता त्याच काळात एका मेकॅनिकवर मात्र अमेरिकन वाचक निहायत प्रेम करत होते, आणि तो अस्तित्वातच नव्हता. 'पॉप्युलर सायन्स' मासिकात १९२५पासून १९७०पर्यंत 'मॉडेल गॅरेज' नावाच्या कथा येत. लेखक म्हणून नाव असे मार्टिन बन, तेही टोपणनाव. नायक गस विल्सन हा वयस्कर, कमी बोलणारा मेकॅनिक. त्याचा भागीदार जो क्लार्क हिशेब सांभाळणारा. जवळजवळ प्रत्येक कथेचा साचा एकच : कुणाची तरी गाडी असाध्य रोगानं पछाडलेली आहे, दुसऱ्यांनी हात टेकले आहेत, भाग बदलून झाले आहेत, गस ऐकून घेतो, दोन-चार आडवळणाचे प्रश्न विचारतो, आणि शेवटी दोष भलत्याच, क्षुल्लक जागी सापडतो. या रहस्यकथाच आहेत, फक्त प्रेताच्या जागी इंजिन. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारची वाट पाहणारे वाचक होते, तसे तिकडे गसची वाट पाहणारे होते. या कथांमधून वाचक खरोखर मोटार-दुरुस्ती शिकत. पण मला त्यांचं टिकण्याचं कारण वेगळं वाटतं. पंचेचाळीस वर्षं लोकांनी दर महिन्याला एका भरवशाच्या मेकॅनिकची गोष्ट वाचली, कारण प्रत्यक्षात तो सापडत नव्हता. आणि त्या गोष्टीतला भरवसा प्रामाणिकपणाचा कमी, विचारण्याच्या पद्धतीचा जास्त होता. गस पहिल्यांदा पाना उचलत नाही. तो विचारतो : हे केव्हा होतं? केव्हा होत नाही?

गसच्या कथा संपल्या त्याच १९७० साली अर्थशास्त्रात मोटारीवरचा एक निबंध छापून आला, ज्यानं ते शास्त्रच हलवलं. जॉर्ज अकरलॉफ या तरुण अर्थतज्ज्ञानं जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की विकणाऱ्याला मालाची कळ ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तिथे चांगला माल हळूहळू बाजारातून उठून जातो. घेणारा सगळ्यांनाच बिघडलेल्या गाडीची किंमत देऊ पाहतो, मग चांगली गाडी कोण विकायला काढणार? हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. २००१ साली अकरलॉफला नोबेल मिळालं. यात भारताचा एक धागा आहे. १९६७-६८ साली अकरलॉफ दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता, आणि त्या निबंधात भारतातल्या सावकारी कर्जाचाही विचार आहे.

पण अकरलॉफच्या गाडीचं खरं रूप निदान घेतल्यानंतर तरी कळतं. दुरुस्तीचं तेही नाही. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी हा मुद्दा मांडला. काही वस्तू घेण्याआधी पारखता येतात, काही वापरल्यावर कळतात, आणि काही वापरूनही कधीच कळत नाहीत. अपेंडिक्स काढल्यावर माणूस बरा झाला. पण ते काढायची गरज होती का? कॉइल बदलल्यावर गाडी सुरू झाली. पण जुनी कॉइल खरंच गेली होती का? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे तर ती मूठ कधी उघडतच नाही. ज्यानं रोग सांगायचा त्यानंच औषध विकायचं, ही खरी अडचण. उंदराला मांजर साक्ष.

मग यंत्राला साक्षीला बोलावण्यात आलं. यंत्र दलाली घेत नाही, असा हिशेब. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फोक्सवॅगननं गाडीतच निदानाचा सॉकेट बसवला. कॅलिफोर्नियात १९८८च्या गाड्यांपासून इंजिनातल्या दोषांवर नजर ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली, हेतू हवेच्या प्रदूषणाचा. १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींत एकसारखा सॉकेट आणि एकसारखे सांकेतिक क्रमांक आले. आपल्याकडेही पुढे ते आलं. आज कुठल्याही गॅरेजात पोरगा सॉकेटला यंत्र जोडतो आणि वाचून दाखवतो : पी-०३००. याचा अर्थ, कुठल्यातरी सिलिंडरांत ठिणगीचा किंवा जळण्याचा खाडा पडतोय. म्हणजे 'मिसिंग'. हे चालवणाऱ्याला ढुंगणाखाली आधीच कळलेलं असतं. खाडा का पडतोय, ठिणगीमुळे, पेट्रोलमुळे, हवेच्या गळतीमुळे की झडपेमुळे, ते क्रमांक सांगत नाही. मी यंत्राच्या विरोधात नाही. नजर असलेल्या माणसाच्या हाती ते फार उपयोगाचं आहे, शोधाची जागा झटकन आखून देतं. पण बहुतेक ठिकाणी तो क्रमांक म्हणजे पार्टची ऑर्डर समजला जातो.

शिवाय यंत्राची किल्ली कुणाच्या हाती, हाही प्रश्न आलाच. भारतात हे प्रकरण स्पर्धा आयोगापुढे गेलं. २०११ची तक्रार होती. २५ ऑगस्ट २०१४ला आयोगानं १४ मोटार-कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहितीपुस्तकं आणि निदानाची साधनं कंपन्यांनी स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली नाहीत आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्याच दारात यायला भाग पाडलं, असा ठपका. निकालाला पुढे आव्हानं दिली गेली, ती वेगळी कथा. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की मेकॅनिकचं अज्ञान हा कधी कधी त्याचा दोष नसतो. ते त्याच्यावर लादलेलं असतं. आपल्या गल्लीतला गॅरेजवाला 'आजकालच्या गाड्या कळत नाहीत साहेब' म्हणतो तेव्हा त्याचं बोट या कुलपाकडे असतं.

मिजेटमध्ये अर्थातच सॉकेट नाही. तिथे माणूसच हवा होता. आणि तो कुठे शोधायचा याचं उत्तर मला आपल्याच मोटारींच्या इतिहासानं दिलं.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारी आणि सुटे भाग यांची आयात आवळत गेली. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात आणि हिंदुस्तान मोटर्स बंगालमधल्या उत्तरपाड्यात, अशा दोन-तीन कारखान्यांवर देशाची मोटारगरज चालली. भाग महाग, किंवा मिळतच नसत. अशा टंचाईत बदलून पाहण्याची चैन परवडत नव्हती. कॉइल बदलून बघू, नाही जमलं तर पंप बदलू, असं म्हणायला कॉइल तर हवी! त्यामुळे आधी खात्री आणि मग पाना, ही शिस्त आपोआप लागली. या काळाबद्दल हळवं व्हायचं कारण नाही. याच टंचाईनं तारेनं बांधलेल्या, साबण लावून गळती थांबवलेल्या धोकादायक गाड्याही रस्त्यावर आणल्या. पण निदानाची एक तालीम तिथे तयार झाली, हे मला नाकारता येत नाही. तिचा उस्ताद म्हणजे मिस्त्री. शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलेला, म्हणजे गुरू, निष्णात. गोव्या-कोकणात 'मेस्त' म्हणून तो मुळाच्या जास्त जवळ राहिला आहे.

आता गोत्राची गोष्ट. अँबॅसिडर ही मूळची इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात दीर्घकाळ जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, तेच बी-सीरिजचं इंजिन १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. मिजेटचं ए-सीरिज इंजिन त्याचं धाकटं भावंडं. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर दोघांकडेही लुकास घराण्याचा. म्हणजे कलेक्टर कचेरीची पांढरी अँबॅसिडर आणि दादाची लाल मिजेट, दिसायला कितीही वेगळ्या असल्या, तरी एकाच दाईच्या हातच्या. स्पोर्ट्स कारचा तज्ज्ञ शोधण्यात आम्ही दीड वर्ष घालवलं होतं. हवा होता अँबॅसिडरचा मिस्त्री.

आमच्या सोसायटीत सरकारी मोटारींवर ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढलेले एक काका आहेत. त्यांनी क्षणाचाही विचार न करता कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक पत्ता दिला. मिस्त्री सत्तरीपुढचे, नाव छापू नका म्हणाले आहेत. गाडी ट्रकवर घालून नेऊ, असं दादा म्हणत होता. फोनवर मिस्त्रींनी साफ नाही म्हटलं. ''आचकं देत देत चालवत आना. न्हाईतर मी बघू काय?''

आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. स्टुलावर बसून दादाला विचारलं, ''साहेब, चढाला काय करते?''

''चढाला चांगली चालते, मिस्त्री.''

''पाय दाबला तर?''

''चांगली.''

''आन् निवांत चालली की?''

''तेव्हाच तर त्रास.''

''मग पेट्रोलचं न्हाई,'' ते म्हणाले. ''पेट्रोल कमी पडत आसतं तर चढाला पहिली बसली आसती. पंप बदलला कशाला?''

चार गॅरेजांना हीच माहिती दादानं दिली होती. चौघांनीही ती ऐकली होती.

पुढे जे झालं ते समजायला एक लहानशी गोष्ट सांगितली पाहिजे. हलक्या पायानं चालताना इंजिनात जाणारं मिश्रण विरळ असतं, ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी थोडी लवकर पडावी लागते. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या कुशीला एक चपटी डबी असते. कार्ब्युरेटरपासून आलेल्या बारीक नळीतून इंजिनाची ओढ तिला मिळते आणि ती आतली तबकडी थोडी फिरवते. इंजिन नुसतं मंद धावत असताना ही ओढ नसते. पाय पूर्ण दाबला की ती मावळते. निवांत चालीतच ती जोरात असते. गॅरेजात काय करतात? गाडी मंद चालू ठेवून कान देतात, मग दोन-तीनदा रेस देऊन सोडतात. नेमकी निवांत चाल तिथे कुणी धरत नाही.

मिस्त्रींनी ती नळी काढली, तिच्या तोंडाला बोळा लावला आणि दादाला म्हणाले, एक चक्कर मारून या, कागलच्या बाजूला. दादा वीस मिनिटांनी परत आला तो हसतच. ताकद किंचित कमी वाटली, पण आचका एकही नाही. मग मिस्त्रींनी इंजिन मंद चालू ठेवलं, डबीच्या बाजूची नळी स्वतःच्या तोंडात धरली आणि ओढली, सरबत ओढावं तशी. इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ओढली, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी नळी माझ्या हातात दिली. ''तुमी वडा. माझ्यावर इश्वास ठेवू नका.''

मी ओढली. इंजिन बंद पडलं.

झाकण काढून त्यांनी आतली बोटभर लांबीची वायर दाखवली. बाहेरच्या टोकापासून पॉइंटापर्यंत जाणारी, तबकडीबरोबर हलणारी. वरचं आवरण धड होतं; आतल्या तारा वर्षानुवर्षं वाकून तुटल्या होत्या. तबकडी फिरली की तुटकी टोकं एकमेकांपासून सुटत, परत आली की टेकत. १९४१ साली त्या दोघांनी ३४७ गॅरेजांबाहेर मुद्दाम ढिली केली होती तीही याच वाटेवरची वायर, कॉइलपाशी. फरक इतकाच की ती उघड्या डोळ्यांना दिसत होती आणि ही दिसत नव्हती.

मला त्या संध्याकाळी सगळ्यात मोलाचं वाटलं ते दोषाचं सापडणं नव्हतं. अनुभवी माणसाला दोष सापडतो, कधी नशिबानंही सापडतो. मिस्त्रींनी दोष हवा तेव्हा आणून दाखवला, हवा तेव्हा घालवून दाखवला, आणि मग नळी माझ्या हातात दिली. डार्बी आणि कार्नी म्हणतात ती कधीच न उघडणारी मूठ त्यांनी माझ्यासमोर उघडली होती. भाग बदलण्याआधी. गाडीतलं काहीही न कळणाऱ्या माणसाला समजेल अशी. त्यानंतर ते प्रामाणिक आहेत की नाहीत हा प्रश्न मला पडलाच नाही; पडायला जागाच उरली नव्हती. शोफरांच्या मालकांनी घराणं पाहिलं, फोर्डनं कोष्टक, आपण आज यंत्राचा पडदा पाहतो. 'हे सिद्ध करून दाखव' असं मेकॅनिकला म्हणायची रीत मात्र कुठेच रुजली नाही, आणि म्हटलं तर तो अपमान समजतो. खरं तर चौथ्या गॅरेजात, कॉइल बदलण्याआधी, दादानं एवढंच विचारायला हवं होतं : ही कॉइल गेलीय हे मला कसं दाखवाल?

दादाला मी हे परतीच्या वाटेवर सांगितलं. त्याला पटलं नाही. त्याच्या मते निदान पहिला आणि चौथा तरी चोरच. असतीलही. मला ते ठरवता येत नाही, त्यांनाही कदाचित ठरवता येणार नाही.

वायर मिस्त्रींनी स्वतःच तयार केली, अँबॅसिडरच्या जुन्या सामानातल्या मऊ, बारीक तारांची, कारण कडक वायर पुन्हा तुटेल. पैसे सांगितले ते ऐकून दादा गप्प झाला. त्यानं बरेच जास्त पुढे केले. मिस्त्रींनी आपले मोजून घेतले आणि उरलेले परत दिले. मग त्यांनी डिकी उघडायला सांगितली. दादानं जुने काढलेले सगळे भाग एका पिशवीत जपून ठेवले होते, भांडायला पुरावा म्हणून. मिस्त्रींनी ते एकेक करून फडक्यावर मांडले. कॉइल बॅटरीला जोडून ठिणगी पाडून दाखवली. पंपाचा टकटक आवाज ऐकवला. कंडेन्सर, प्लग, सगळे पाहिले.

''समदं चांगलं हाय,'' ते म्हणाले, आणि पिशवी दादाच्या हातात दिली. ''टाकू नका. आता मिळत न्हाई ह्ये.''